पेटीवरचा हात

फेब्रुवारी लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावरून खाली उतरणाऱ्या रस्त्याला द्राक्षांच्या गाड्या लागतात. बाकीचे लोक फळं बघतात, मी पेट्या बघते. फळवाल्याला वाटतं, बाई भावासाठी अडून बसली आहे. मी आपली गाडीमागची पेट्यांची थप्पी न्याहाळत असते. एखाद्या वर्षी हवी ती लवकर सापडते, एखाद्या वर्षी मार्च संपत येतो, पण सापडते. पिवळसर रंगाची पेटी, तिच्यावर द्राक्षाच्या मांडवाखाली उभी राहून वर बघणारी एक सावळी बाई, आणि घडाला खालून आधार देणारा तिचा दंडापर्यंत उघडा हात. हातावर हिरवं गोंदण आहे. ती माझी आई.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. तिथलं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, ऑक्टोबरात बागेची छाटणी झाली की सुरू होतं. मग औषधांच्या फवारणीचा उग्र वास, पहाटेच्या धुक्याची धास्ती, आभाळ भरून आलं की घरातल्या पुरुषांची बदललेली तोंडं. डिसेंबरात विरळणी. म्हणजे घडात दाटीवाटीनं आलेले जादा मणी कात्रीनं काढायचे आणि उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. मांडव डोक्याच्या वर आणि घड त्याला लोंबणारे, त्यामुळे सकाळी आठपासून मान मागे आणि हात वर. पानांतून गळणारं ऊन तोंडावर घेत बायका हे काम दिवसदिवस करतात. नव्या सुनेचे हात दुसऱ्या दिवशी कपाळापर्यंत जात नाहीत, कुंकूसुद्धा जावेकडून लावून घ्यावं लागतं. महिनाभरात मात्र दंड घट्ट होतात आणि खांदे रुंदावतात. आमच्याकडच्या बायका पाठमोऱ्याही ओळखू येतात त्या अशा.

आई जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नाव शालन. लहानपणी कोकरू खांद्यावर टाकून मैलोन्‌मैल चाललेली. त्यामुळे बाग तिला जड गेली नाही. भरलेली क्रेट दोन बायका मिळून उचलायच्या, ती आई एकटी उचलायची आणि वर तोंडानं गप्पा चालू ठेवायची. जैनबीचाची आमच्या पॅकिंगच्या टोळीची मुकादम. ती म्हणायची, "शालन हाय म्हणून मला ट्रॅक्टर लागत न्हाई." आई यावर लाजायची नाही, हसायची. तिला अभिमानच होता. आरशासमोर ती कुंकू लावण्यापुरती उभी राहायची. आपलं अंग कसं दिसतं हा प्रश्न तिला कधी पडलेला मी पाहिला नव्हता. ते काय काय करू शकतं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

मला तेच हात मिळाले आणि मी त्यांच्यावर चिडून होते.

चिडायला कारणं होती. आमच्या टीव्हीवर एक मुलगी रोज गोरी व्हायची. गोरी झाली की तिला नोकरी लागायची, पुढच्या जाहिरातीत नवरा मिळायचा. वीज जाऊन येऊन असायची, पण ही मुलगी कधी चुकली नाही. माझ्या कपाटाच्या दाराला आतून एका मासिकाचं मुखपृष्ठ चिकटवलेलं होतं. त्यावरच्या बाईचे दंड माझ्या मनगटाएवढे होते. रोज कपडे काढताना तिची आणि माझी गाठ पडायची आणि रोज मीच हरायची. त्यात एक स्थळ आलं, पोहे खाऊन गेलं, आणि मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी हुशार आहे, पण आडव्या बांध्याची आहे. दादा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आई म्हणाली, "आडवी म्हंजे काय? उभीच हाय की." मला त्या वेळी तिचा राग आला होता. आता ते वाक्य आठवलं की मी एकटीच हसते.

तेव्हा मी सांगलीत एसटी स्टँडजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात काम करायची. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, आणि लग्नाचे अल्बम. अल्बम माझ्याकडे असायचे, कारण माझा हात त्यात बसला होता. नवरी उजळ करायची, हनुवटीखालची घडी काढायची, कंबर दोन्हीकडून थोडी थोडी आत ढकलायची. वर्षभरात माझ्या समोरून एकही सावळी नवरी सावळी म्हणून बाहेर गेली नाही. अल्बम घरी न्यायला आलेल्या आया डोळे पुसायच्या, "पोरगी कशी दिसतीया बघा," म्हणायच्या. मला वाटायचं, मी पुण्याचं काम करतेय.

त्याच वर्षी दादांनी आणि शेजारच्या चार बागायतदारांनी ठरवलं की व्यापाऱ्याच्या पेटीत माल घालायचा नाही, आपली स्वतःची पेटी छापायची. पेटीवर बाईचा फोटो पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत. बाजारातल्या सगळ्याच पेट्यांवर एक गोरी, बारीक बाई द्राक्षांचा घड कानातल्या डुलासारखा धरून हसत असायची. तिनं आयुष्यात मांडव पाहिला नसावा. आमच्या ओट्यावर बैठक बसली होती आणि जैनबीचाची पानाचा डबा उघडून कडेला ऐकत होती. ती म्हणाली, "आवं, जिनं घड वाढावला तिचाच फोटू लावा की. शालनचा लावा." पुरुष हसले, मग एकमेकांकडे बघायला लागले. आई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, तेवढ्यावरून मला कळलं की तिनं ऐकलंय.

तासगावचा फोटोवाला आला. बायका बागेत साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तो आईनं त्या दिवशी काढून ठेवला. निळं इरकल नेसली, हात वर करून घडाखाली तळवा धरला. मनगटापर्यंत काळा, वर जरा फिका असा तो हात. कोपराच्या खाली गोंदलेली तुळस आणि तिच्याखाली तीन टिकल्या. ती तुळस तिच्या आईनं जत्रेत, तिला मांडीवर दाबून धरून काढून घेतली होती. मुलगी कुठंही नांदायला गेली तरी हातावरची खूण आपली राहील, म्हणून. आईनं त्याच संध्याकाळी माहेरी फोन लावून सांगितलं की माझा फोटो पेटीवर येणार, पुण्या-मुंबईला जाणार. इतकी खूष मी तिला माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

फोटो कामासाठी माझ्याकडेच आला. दुकानात दुपारची सामसूम होती, पंखा करकरत होता. मी आईला पडद्यावर मोठं केलं. आणि खरं सांगते, मला तिची दया आली. मला वाटलं, माझ्या आईला सगळे हसतील. मग मी जे मला येत होतं ते केलं. रंग तीन छटा वर नेला. दंड दोन्ही बाजूंनी आत घेतला. मनगटाजवळची उन्हाची रेघ पुसली. गळ्याच्या शिरा काढल्या. शेवटी गोंदण उरलं, ते त्या गोऱ्यापान हातावर डागासारखं दिसायला लागलं होतं, म्हणून तेही काढलं. दोन तास मन लावून काम केलं. इतक्या प्रेमानं मी कुणाचंच वाटोळं केलं नसेल.

पेट्या आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. पॅकिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीवर बायका गोल बसल्या होत्या. पिकलेल्या द्राक्षांचा गोडूस, जरा आंबूस वास भरला होता, मधमाश्या घोंगावत होत्या. जैनबीचाचीनं गठ्ठ्याची दोरी कापली आणि पहिली पेटी उलगडली. तिच्या शेजारची बाई वाकून म्हणाली, "कोन गं ही? कुनाची सून?" कुणी हसलं नाही, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. जैनबीचाची एकदा पेटीकडं, एकदा आईकडं बघत राहिली. आईनं पेटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग म्हणाली, "साडी माझी हाय."

एवढंच. आणि कात्री उचलून कामाला लागली.

त्या दिवसापासून आईचा शर्ट अंगावरून उतरेना. बागेतून आल्यावर हातपाय धुताना बायका शर्ट काढतात, ती बाह्या न दुमडताच हात धुवायला लागली. मार्चच्या उकाड्यात भाचीचं लग्न होतं. तिथं आई मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवून गेली. क्रेट उचलायची वेळ आली की "कुनीतरी हात लावा गं" म्हणायला लागली. आणि एका सोमवारी मी सांगलीला निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "त्ये टीव्हीतलं मलम मिळतंय का गं तिकडं? आनशील?"

मी आणलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? आठ दिवस ती चुलीपुढं बसून ते मलम हाताला चोळत होती, आणि मी आत पुस्तकात डोकं घालून बसत होते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला आपल्या अंगात खोट आहे असं पहिल्यांदाच कळलं होतं. ते टीव्हीनं सांगून तिला पटलं नसतं. इतकी वर्षं ती मुलगी समोर गोरी होत होती, आईनं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. पण पोटच्या पोरीनं सांगितलं, तेही छापून.

रविवारी मी पॅकिंगला मदत करायला बसले. समोरच्या घडावर धूळ दिसली, आणि माझ्याही नकळत मी तो ओढणीनं पुसायला लागले. मणी काचेसारखे चमकायला लागले. द्राक्षाच्या मण्यावर पिठासारखी पांढुरकी लव असते, हात लागला तरी जाते. म्हणून घड नेहमी देठाला धरायचा, हे आमच्याकडं शाळेत जाण्याआधी शिकवतात. मला सगळं ठाऊक होतं. आईनं घड माझ्या हातातून काढून घेतला.

"पुसू नगं," ती म्हणाली. "लव गेली की माल शिळा दिसतुया. मंग कुनी घेत न्हाई." तो घड तिनं बेदाण्यासाठी काढलेल्या ढिगात टाकला, कारण पुसलेला घड पेटीत जात नाही. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तू मला बी असंच पुसलंस."

शेडमध्ये कात्र्यांचा आवाज चालू होता. जैनबीचाची खाली मान घालून देठ कापत होती. मी रडले, सगळ्यांसमोर रडले. आईनं मला जवळ वगैरे घेतलं नाही. म्हणाली, "रडून काय हुतंय? नीट कर."

नीट करायचं म्हणजे पेटी नव्यानं छापायची. छापलेल्या पेट्या संपेपर्यंत तो हंगाम त्याच पुसलेल्या बाईनं काढला. पुढच्या वर्षी मी मूळ फोटो घेऊन ओट्यावर गेले. तिथं दादा होते, बाकीचे बागायतदार होते आणि पुण्याचा व्यापारीही आला होता. त्यानं फोटो पाहून तोंड वाकडं केलं. म्हणाला, "वहिनी चांगल्या आहेत हो, पण जरा उजळ ठेवा. गिऱ्हाईक पेटीकडं बघून हात घालतं." दादांचं गप्प राहणं मला पहिल्यांदाच टोचलं. मी बोलणार तेवढ्यात आई आतून बाहेर आली. तिनं शर्ट घातला नव्हता. ती कोपऱ्यातल्या भरलेल्या क्रेटपाशी गेली, एकटीनं ती उचलली आणि व्यापाऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"मालाचा रंग बघा," ती म्हणाली. "माझा कशापायी बघताय?"

व्यापाऱ्यानं निमूटपणे एक मणी तोंडात टाकला. जैनबीचाची ओट्याखालून म्हणाली, "आता कसं." फोटो जसा होता तसा छापला गेला. शिरा, उन्हाची रेघ, तुळस आणि तीन टिकल्या. त्यामुळं द्राक्षं जास्त खपली असं मी सांगणार नाही. पहिल्यासारखीच खपली. एका काळ्या बाईच्या दंडानं पुण्याच्या बाजाराचं काही बिघडलं नाही, एवढंच सिद्ध झालं. पण नव्या पेट्या उलगडल्या तेव्हा शेडमधल्या बायकांनी एकदम "शालन!" म्हणून ओळखलं आणि आईनं खोटं खोटं रागावून "कामं करा," म्हटलं. जुन्या पेट्यांतली एक तिनं ठेवून दिली आहे. कोंबडी खुडूक झाली की आई तिला त्या पेटीत अंडी उबवायला बसवते.

आता मी साताऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. मुलींना बाईचं चित्र काढायला सांगितलं की अजूनही अर्ध्या वर्गाची बाई डमरूसारखी येते. मी त्यांना बाजारात पाठवते, गाड्यावर भाजी विकणाऱ्या बाईचा हात बघून या म्हणते. काही जणी बघून येतात. पण त्यांच्याही खिशात फोटो सुधारून देणारा फोन असतो. जे करायला मला दोन तास लागायचे ते तो डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो, आणि न विचारता करतो. मला त्याचा राग येतो, आणि रागात थोडी लाजही मिसळलेली असते. मी त्याची थोरली बहीण आहे.

माझी मुलगी सई सोळा वर्षांची आहे. हात आमचेच. गेल्या पावसाळ्यापासून ती अर्ध्या बाह्यांचं काही घालत नाही. पंख्याखाली घामाघूम होते, पण बाह्या बोटांपर्यंत ओढून बसते. तिचे मैत्रिणींबरोबरचे फोटो मी बघितले, त्यातल्या सईचे दंड माझ्या कपाटातल्या त्या बाईचे होते. मी सगळं बघत होते आणि मला बोलता येत नव्हतं. कुठल्या तोंडानं बोलणार? पेटीवर आजीचा फोटो आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच्या आधीची पेटी तिला मी कधीच सांगितली नव्हती.

यंदा पेटी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सापडली. नाक्याजवळच्या बागवानचाचांच्या गाड्यावर, थप्पीत अगदी तळाशी. सई बरोबर होती. मी थप्पीशी झगडत होते, तिनं "आई, सरक," म्हणत वरच्या चार भरलेल्या पेट्या एकदम कवेत घेऊन बाजूला ठेवल्या. चाचा बघत राहिले. "आमच्या पोराला दोन खेपा लागत्यात," म्हणाले. सईचे कान लाल झाले. घरी येताना रिक्षात तिनं पेटी मांडीवर धरली होती. जिना चढताना म्हणाली, "आजीचा हा फोटो इतका खरा कुणी ठेवला गं? तू ना?"

तेव्हा मी सांगितलं. स्वयंपाकघरात, पेटी मधे ठेवून, सगळं सांगितलं. तीन छटा, दोन तास, साडी माझी हाय, मलम, ओढणी. काही लपवलं नाही आणि उपदेशही केला नाही. सई बराच वेळ पेटीवरच्या हाताकडं बघत होती. मग म्हणाली, "आजीला तू खरंच मलम आणून दिलंस?" मी हो म्हणाले. ती माझ्यावर रागावली, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मी चहा टाकायला वळले. परत बघते तर सईनं उजवी बाही खांद्यापर्यंत वर सारली होती. पेटीवरच्या हाताला लागून तिनं आपला हात ठेवला होता आणि डाव्या हातानं फोटो काढत होती. फोटो निघाला, आणि ते फोनचं सुधारून देणारं बटण उजळलं. मी चिमटीतली चहापूड तशीच धरून उभी राहिले. सईचा अंगठा त्या बटणावरून पुढं गेला आणि तिनं तो फोटो जसा होता तसा आजीला पाठवला.

पाचेक मिनिटांनी फोन वाजला. आई टाईप करत नाही, बोलून पाठवते. मागं शेडमधला बायकांचा गलका होता, कात्र्या वाजत होत्या, आणि त्यातनं आईचा मोठा, घाईतला आवाज आला, "सई, फोटू आला गं. पर ह्यातला माझा हात कंचा आनि तुजा कंचा? मला वळखंना."

सईनं तो निरोप तीनदा ऐकला. मग बाही खाली न घेता तिनं पेटी उघडली आणि पहिला घड देठाला धरून उचलला.